वाशी स्टेशनचं बिल भूखंडांनी भरलं: सिडको रेल्वे, मेट्रो आणि विमानतळ कसे उभे करते

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून वाशीला उतरलं की पहिला फरक जाणवतो तो जागेचा. ठाण्याच्या पुलांवर माणूस माणसाला खेटून चालतो. वाशीत फलाटांच्या डोक्यावर कार्यालयांच्या मोठाल्या इमारती आहेत आणि बाहेर ऐसपैस आवार आहे. ठाण्याचं स्टेशन १८५३ साली गाडी थांबवण्यासाठी झालं. वाशीचं स्टेशन ज्या कंपनीनं बांधलं, तिला गाडीइतकीच आसपासच्या जमिनीच्या भावाची फिकीर होती. नवी मुंबईतली रेल्वे, मेट्रो, अगदी विमानतळसुद्धा समजून घ्यायचा तर एक गोष्ट आधी पक्की करावी लागते: इथल्या वाहतुकीचं मोठं बिल तिकिटांनी नव्हे, भूखंडांनी भरलं आहे. कामं उभी राहिली ती त्यामुळेच आणि रखडली तीही बरीचशी त्यामुळेच.

ही कंपनी म्हणजे सिडको, शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ. १७ मार्च १९७० रोजी कंपनी कायद्याखाली तिची नोंदणी झाली. सुरुवातीचं भांडवल ३ कोटी ९५ लाख रुपये, तेही राज्य सरकारनं दिलेलं. खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात मांडली होती. ती उचलल्यावर सरकारपुढे प्रश्न आला की हे काम करणार कोण. सार्वजनिक बांधकाम खात्याला देता आलं असतं, पण खातं अर्थसंकल्पावर चालतं. विधिमंडळानं मंजूर केलेला पैसा ३१ मार्चच्या आत खर्च करायचा, नाही केला तर तो परत जातो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नव्यानं मागायचा. कंपनीचं तसं नसतं. तिचं बँक खातं स्वतःचं असतं, ती कर्ज काढू शकते, मालमत्ता विकू शकते आणि आलेला पैसा पुढच्या कामात घालू शकते. वर व्यवस्थापकीय संचालक म्हणून सनदी अधिकारी बसतो, मालक राज्य सरकार, आणि लेखापरीक्षण भारताच्या महालेखापरीक्षकांच्या देखरेखीखाली होतं. माहिती अधिकाराचा कायदाही लागू आहे. म्हणजे चालते कंपनीसारखी, पण जाब द्यावा लागतो सरकारी कार्यालयासारखा. निदान कागदावर तरी.

आता जमिनीकडे येऊ. नवी मुंबईसाठी तेव्हाच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर हद्द ठरली. तिच्यातली खासगी जमीन सरकारनं संपादित करायची आणि सिडकोच्या हवाली करायची, असा तो आराखडा. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्याखाली सिडको नवनगर विकास प्राधिकरणही झाली. त्यामुळे एकाच कंपनीच्या डोक्यावर तीन टोप्या आल्या. कुठे काय बांधता येईल हे ठरवणारी ती, जमिनीची मालकीण ती आणि रस्ते-स्टेशनं बांधणारीही तीच. नोडच्या, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या शहराच्या एकेका विभागाच्या, नकाशावर स्टेशन कुठे येणार हे ती ठरवते आणि त्या स्टेशनाशेजारचा भूखंडही तीच विकते. खासगी बिल्डरला असा योग मिळाला असता तर त्यानं देवाला नारळच वाढवला असता.

‘विकते’ हा शब्द जरा सैल वापरला. सिडको भूखंड साधारण ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं देते आणि त्यासाठी एकरकमी अधिमूल्य घेते. बिल्डर त्यावर इमारत बांधतो, पुढे सोसायटी पट्टेदार होते, जमिनीची मालकी मात्र सिडकोकडेच राहते. वाशी, नेरूळ, खारघर इथे घर विकताना सिडकोचं ना-हरकत प्रमाणपत्र आणि हस्तांतरण शुल्क मध्ये येतं ते यामुळे.

या व्यवहारात ज्यांची शेतं आणि मिठागरं गेली, त्यांचा हिशेब वेगळा होता. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड प्रकल्पग्रस्ताला परत द्यायचा, अशी ती योजना. त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सोयींसाठी कापले जातात, म्हणजे हाती पडतात पावणेनऊ. शंभर गुंठे गेले तर पावणेनऊ गुंठ्यांचा भूखंड, दीड चटई क्षेत्रासह, म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकाम करता येतं. गावात ‘पावणेचार टक्के’ एवढंच म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. हे इथे सांगायचं कारण पुढे कळेल. नवी मुंबईतला जवळजवळ प्रत्येक रखडलेला मार्ग कुठे ना कुठे या हिशेबापाशी येऊन अडकलेला दिसतो.

सदुसष्ट आणि तेहेतीस

पहिला खाडीपूल १९७३ मध्ये खुला झाला. रस्ता झाला, पण शहर झालं नाही. कामाला जाणारा माणूस लोकल नसेल तिथे घर घेत नाही, हे मुंबईत कुणालाही विचारा. दुसरीकडे रेल्वेला नवा उपनगरी मार्ग टाकण्यात काडीचा रस नव्हता, कारण पासावर प्रवास करणारा प्रवासी तिच्या लेखी तोट्याचाच. ही कोंडी एका सूत्रानं फुटली: मार्गाच्या खर्चाचे ६७ टक्के सिडको देणार आणि ३३ टक्के रेल्वे.

ज्याच्या भूखंडाचा भाव वाढणार, त्यानं मोठा वाटा उचलायचा, असं या सूत्रामागचं साधं गणित आहे. १०० रुपयांच्या कामात सिडको ६७ घालते, पण मार्ग सुरू झाला की स्टेशनाभोवतीच्या सेक्टरांतल्या भूखंडांना जे जास्तीचं अधिमूल्य मिळतं, त्यातून ते ६७ भरून काढायचे. रेल्वेला एका तृतीयांश पैशात अख्खा मार्ग मिळतो. शिवाय सिडकोचा खर्च भरून यावा म्हणून या पट्ट्यातल्या तिकिटांवर आणि पासांवर अधिभारही लावला गेला. ‘एवढ्याच अंतराला तिकडे कमी आणि इकडे जास्त का’, या प्रवाशांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

९ मे १९९२ ला मानखुर्दहून पहिली लोकल खाडी ओलांडून वाशीला आली. १९९३ मध्ये मार्ग नेरूळ आणि बेलापूरला पोचला, १९९८ मध्ये पनवेलला. ठाणे–तुर्भे–वाशी मार्ग २००४ मध्ये सुरू झाला आणि ठाणेकराचा कुर्ल्याचा फेरा वाचला.

स्टेशनांच्या बाबतीत सिडकोनं आणखी एक पाऊल टाकलं. जागा आपली, मग रुळांवरची हवा तरी फुकट का घालवायची? वाशी, बेलापूर अशा ठिकाणी स्टेशनाच्या इमारतीतच व्यापारी जागा काढून विकायला ठेवल्या. सीवूड्सला तर उलटाच सौदा झाला. २००८ मध्ये स्टेशन आणि भोवतालची सुमारे १६ हेक्टर जागा एकत्र करून निविदा काढली. विकासकानं स्टेशन बांधायचं, वर मॉल आणि कार्यालयं बांधून विकायची आणि वरून सिडकोला पैसे मोजायचे. लार्सन अँड टुब्रोची १,८०९ कोटींची बोली लागली. इतर शहरांत स्टेशन बांधायला सरकार पैसे शोधतं, इथे स्टेशन बांधू देण्याबद्दल सरकारी कंपनीला पैसे मिळाले. मॉलमधून थेट फलाटाकडे उतरता येतं ते त्यामुळेच.

या सूत्राची दुसरी बाजू मात्र फारशी कुणी सांगत नाही. काम लांबलं आणि खर्च वाढला, तर वाढलेल्या प्रत्येक रुपयातले ६७ पैसेही सिडकोचेच. आणि काम लांबण्याची बरीच कारणं सिडकोच्या हातात नसतात.

उरणला सत्तावीस किलोमीटर जायला किती वर्षं लागतात

नेरूळ–उरण मार्ग जेमतेम २७ किलोमीटरचा. मंजुरी नव्वदच्या दशकातली. खारकोपरपर्यंतचा पहिला टप्पा नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाला आणि उरणपर्यंतचा दुसरा जानेवारी २०२४ मध्ये. पाव शतकाहून जास्त काळ कुठे गेला, ते टप्प्याटप्प्यानं पाहण्यासारखं आहे.

आधी जमीन. रेल्वेमार्ग सलग लागतो. २७ पैकी २६ किलोमीटर जागा ताब्यात आली आणि मधलं एक किलोमीटर राहिलं, तरी गाडी धावत नाही. रस्त्याला वळसा देता येतो, रुळाला ती मुभा कमी, कारण वळण फार तीव्र झालं की गाडीचा वेग पडतो. मधल्या गावातल्या दहा-बारा शेतकऱ्यांनी ‘आधी आमचा भूखंड दाखवा, मग रूळ टाका’ म्हटलं की काम तिथे थांबतं. त्यांना आडमुठं म्हणणं सोपं आहे. आजोबांच्या नावचा साडेबारा टक्क्यांचा भूखंड नातवाच्या काळातही हाती आला नसेल, तर तो कुठल्या भरवशावर सही करेल?

मग कांदळवन. खाडीकाठी तिवरं आहेत आणि त्यांना हात लावायचा तर वन खात्याच्या आणि किनारा नियमन क्षेत्राच्या परवानग्यांबरोबरच उच्च न्यायालयाची परवानगीही घ्यावी लागते. यंत्रणेला काम सार्वजनिक हिताचं आहे आणि दुसरा मार्ग नाही, हे न्यायालयाला पटवून द्यावं लागतं. हे योग्यच आहे, भरतीचं पाणी अडवणारी दुसरी भिंत इथे नाही. पण आराखडा काढतानाच या परवानग्यांचा वेळ धरला नाही, तर कंत्राटदार यंत्रं घेऊन येतो आणि हात बांधून बसतो. बसून राहिल्याची भरपाई मागतो ती वेगळीच.

आणि तिसरी गोष्ट जमिनीच्या पोटातली, जिची बातमी कधी होत नाही. नवी मुंबईच्या खाडीकाठच्या पट्ट्यात वर मऊ सागरी चिखल असतो, काही ठिकाणी काही मीटर जाड, खाली मुरूम आणि मग काळा पाषाण. हा चिखल म्हणजे पाण्यानं भरलेला स्पंज समजा, पण छिद्रं इतकी बारीक की दाबलं तरी पाणी पटकन बाहेर येत नाही. वर भराव टाकला की वजन आधी चिखलातल्या पाण्यावर येतं. पाणी हळूहळू निसटतं तसतसा चिखल आवळत जातो आणि वरची जमीन खचते. आपसूक होऊ दिलं तर हे वर्षानुवर्षं चालतं. म्हणून चिखलात उभ्या निचरापट्ट्या घालतात. प्लास्टिकच्या नळीदार गाभ्यावर गाळणीचं कापड चढवलेली ही पट्टी साधारण १०० मिलिमीटर रुंद आणि ३ ते ५ मिलिमीटर जाड असते. पोलादी नळीतून ती खाली दाबत नेतात आणि नळी वर काढून घेतात. अशा पट्ट्या एक-दीड मीटर अंतरानं त्रिकोणी मांडणीत, सगळ्या पट्ट्यात हजारोंनी. त्यांच्या डोक्यावर वाळूचा किंवा खडीचा थर, म्हणजे वर आलेल्या पाण्याला बाजूला वाट मिळते.

याचा फायदा किती, याचा ढोबळ हिशेब असा. पाण्याला बाहेर पडायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० मीटर वर चढण्याऐवजी पाऊण मीटर बाजूला सरकायचं असेल, तर अंतर सुमारे तेरापट कमी झालं आणि वेळ शंभर पटींहून जास्त कमी झाला. दशकांचं काम महिन्यांवर येतं. भराव मात्र एकदम टाकायचा नाही. एक थर टाकायचा, खचण मोजायच्या पाट्या आणि पाण्याचा दाब मोजायची उपकरणं बघायची, दाब उतरला की पुढचा थर. वरिष्ठांनी ‘मार्चच्या आत संपवा’ म्हणून घाई केली, तर कच्चा चिखल वजन पेलत नाही, भराव एका बाजूला घसरतो आणि पायथ्याची जमीन फुगून वर येते. मग सगळा भराव उकरून पहिल्यापासून. घसरण नाही झाली, तरी उरलेली खचण नंतर निघते. पूल खांबांवर, खांब पाषाणात, तो जागचा हलत नाही. त्याला लागून असलेला भराव मात्र बसत जातो. पुलावर चढताना गाडीला बसणारा तो धक्का आठवतो ना? तोच. रुळावर तिथे वारंवार खडी घालून पातळी सारखी करत राहावं लागतं.

पैसा आणि जमीन यांचं गणित जुळलं, तरी सगळं एकदम जुळत नाही. पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा तरघर स्थानक उघडलं नव्हतं; पुढे कितीतरी वर्षं लोकल त्याच्यावरून न थांबता जात राहिली. मार्ग सुरू होणं, स्टेशन सुरू होणं आणि स्टेशनापर्यंतचा रस्ता होणं या तीन वेगळ्या घटना आहेत. उलव्याला घर घेणाऱ्यांनी हे स्वतःच्या पायांनी शिकून घेतलं.

मेट्रो: अकरा किलोमीटर, अकरा स्थानकं, साडेबारा वर्षं

बेलापूर ते पेंधर या मेट्रोमध्ये रेल्वेची भागीदारी नाही, प्रकल्प सिडकोचाच. मे २०११ मध्ये भूमिपूजन झालं आणि १७ नोव्हेंबर २०२३ ला गाडी धावली. मार्ग सुमारे ११ किलोमीटर, स्थानकं ११, गाडी तीन डब्यांची, तळोज्याला डेपो.

रुळांमधलं अंतर इथे १,४३५ मिलिमीटर आहे, तर लोकलचं १,६७६. त्यामुळे बेलापूरला मेट्रोतून उतरून चालत लोकल गाठावी लागते, ‘मेट्रो पुढे पनवेलच्या रुळावर न्या’ हे शक्य नाही. दोन्हींवर तारेतली वीज २५ हजार व्होल्टची, पण तेवढंच साम्य.

उन्नत मार्गाचं काम दिसतं तितकं अवघड नसतं. पाषाणात रुतवलेल्या काँक्रीटच्या खोल खुंट्या (पाइल), त्यांवर टोपी, टोपीवर खांब, खांबांवर कारखान्यात ओतलेले तुकडे. एकदा बसवलं की एकसारखं चालत राहतं. वेळ खातात ते सांधे. सायन–पनवेल महामार्ग ओलांडताना वाहतूक बंद करायची परवानगी रात्रीच्या काही तासांचीच मिळते. त्या तासांत क्रेन बिघडली तर पुढची रात्र कधी मिळेल ते वाहतूक पोलीस ठरवणार.

आणि स्थानकं. तिथे जिने, लिफ्ट, वीज, अग्निशमन, छत, फरशी अशी वीस प्रकारची कामं एकमेकांच्या पायात येतात. इथे कंत्राटदाराच्या खिशाची परीक्षा होते. त्यानं आधी स्वतःचा पैसा घालायचा, महिन्याचं रनिंग बिल टाकायचं, मोजमाप तपासून पैसे मिळायला आणखी महिना-दीड महिना. निविदा जिंकायला दर फार खाली लावला असेल, तर एक-दोन बिलं अडकली की साइटवरचे मजूर आटतात. तुम्ही रोज जाता-येता बघता, चार माणसं काम करताहेत. मग नोटिसा, मुदतवाढ, आणखी नोटिसा. शेवटी कंत्राट तोडलं, तरी झालेल्या कामाचं संयुक्त मोजमाप, बँक हमी वटवणं, लवाद, उरलेल्या कामाची नवी निविदा आणि तीही नव्या दरानं, एवढं सगळं उरतंच. कंत्राट तोडणं म्हणजे किमान वर्ष गेलं असं धरून चालावं. या मेट्रोतही स्थानकांच्या कामाचा कंत्राटदार बदलावा लागला, आणि पुढे अभियांत्रिकी साहाय्य आणि गाडी चालवण्यासाठी महामेट्रो या सरकारी मेट्रो कंपनीला बोलवावं लागलं. शहर वसवणाऱ्या कंपनीला गाडी चालवता येतेच असं नाही, हे सिडकोनं उशिरा का होईना मान्य केलं.

बांधकाम झाल्यावरही गाडीत माणूस बसवता येत नाही. रेल्वेची संशोधन संस्था आरडीएसओ कंपन चाचणी घेते. माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या डब्यात भरतात आणि वेग पायरीपायरीनं वाढवत नेतात. वळणावर डबा किती हलतो, एकदम ब्रेक लावला तर किती मीटरवर थांबतो हे मोजतात. नंतर मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात. गंमत म्हणजे ते रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या असतात. गाडी चालवणाऱ्यानंच तिला सुरक्षित म्हणू नये, म्हणून ही सोय. त्यांचा दाखला मिळाला की तांत्रिकदृष्ट्या गाडी धावू शकते. इथे दाखला मिळाल्यावरही काही महिने डबे डेपोत उभे होते, उद्घाटनाची वाट बघत. शेवटी समारंभाविनाच सेवा सुरू झाली. या काही महिन्यांसाठी ना चिखल जबाबदार होता ना कंत्राटदार.

सुरुवातीला कमाल भाडं ४० रुपये होतं, २०२४ मध्ये ते ३० वर आणलं. तीन डब्यांच्या, अकरा किलोमीटरच्या गाडीचा खर्च एवढ्यात निघत नाही, निघणं अपेक्षितही नव्हतं. तो तळोजा, खारघरच्या भूखंडांतून निघायचा होता. पण इथेच या पद्धतीची मोठी अडचण आहे. जमीन एकदा विकली की संपली. सरकता जिना मात्र रोज चालवावा लागतो, त्याची साखळी बदलावी लागते, विजेचं बिल दर महिन्याला येतं. बांधायला पैसा असतो, कारण भूखंड असतात. सांभाळायच्या वेळी त्या नोडमधले भूखंड संपलेले असतात आणि कंपनीचं लक्ष पुढच्या नोडकडे गेलेलं असतं. जुन्या स्टेशनांच्या गळक्या छतांकडे आणि निखळलेल्या फरश्यांकडे पाहताना हे ध्यानात ठेवा.

विमानतळाला वेगळी रीत

विमानतळात सिडकोनं ना सगळं स्वतः बांधलं, ना सगळं विकलं. १,१६० हेक्टर जागा एकत्र करणं, गावं हलवणं, उलव्याची टेकडी कापणं, उलवे नदीचं पात्र वळवणं, उच्च दाबाच्या विजेच्या तारा हटवणं, ही आधीची कामं तिनं केली. धावपट्टी आणि टर्मिनल बांधून चालवणारी कंपनी वेगळी. तिच्यात सिडकोचे २६ टक्के आणि खासगी भागीदाराचे ७४ टक्के. आधी जीव्हीके, आता अदानी समूह. २०१७ च्या निविदेत बोली कशावर लागली हे महत्त्वाचं आहे: एकूण महसुलातला किती टक्के वाटा सिडकोला देणार यावर. जिंकणारी बोली १२.६० टक्क्यांची होती. नफ्यातला नव्हे, महसुलातला वाटा. नफा ताळेबंदात लपवता येतो, महसूल लपवणं अवघड, म्हणून ही अट शहाणपणाची. आणि भूखंडासारखी ही कमाई एकदाच येऊन संपणारी नाही, वर्षानुवर्षं येत राहणारी आहे.

इथल्या गावांना साडेबाराऐवजी साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज मिळालं. १९८४ नंतर भाव वाढवून घ्यायला गावकरी शिकले होते, आणि जागा मोक्याची होती. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरला पहिली विमानं उडाली.

आता पुढची जमीन एवढ्या सहज मिळत नाही. विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात सिडकोनं संपादनाचा रस्ता सोडून नगररचना योजनांचा धरला: मालकानं जमीन द्यायची, ४० टक्के विकसित करून त्यालाच परत मिळते, ६० टक्क्यांत रस्ते, बागा आणि सिडकोला विकायचा हिस्सा. जुन्या नवी मुंबईच्या मानानं विकायला जमीन खूपच कमी उरते. वाहतुकीचा पैसा भूखंडांतून उभा करण्याची सवय लागलेल्या कंपनीला हे अवघड जाणार आहे.

दार कुणाचं ठोठवायचं

बिघाड झाला की लोक सरसकट सिडकोला शिव्या घालतात किंवा सरसकट रेल्वेला. रूळ, तारा, सिग्नल, गाड्या, तिकीट खिडकी हे रेल्वेचं. स्टेशनची इमारत, आवार, वाहनतळ यांचा प्रश्न सिडकोकडे न्यायचा. स्टेशनाबाहेरचा रस्ता वाशी ते बेलापूर आणि ऐरोली पट्ट्यात बहुधा नवी मुंबई महापालिकेचा, कारण सिडकोनं बांधलेले रस्ते तिच्याकडे सोपवले गेले. पाम बीच मार्गही त्यातलाच. खारघर, कामोठ्यात पनवेल महापालिका. वाशीचा तिसरा खाडीपूल सिडकोचा नाही, रस्ते विकास महामंडळानं बांधलेला. अटल सेतू एमएमआरडीएचा, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. हस्तांतरण अर्धवट असलेल्या जागी दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. तिथे तक्रार न करता माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, आणि एकच मुद्दा विचारा: या मालमत्तेच्या हस्तांतरणाच्या पत्राची प्रत द्या. प्रत मिळाली की वाद मिटतो.

नव्या मार्गाची बातमी वाचतानाही हीच चिकाटी उपयोगी पडते. ‘तत्त्वतः मंजुरी’ म्हणजे संचालक मंडळाच्या बैठकीत विषय निघाला आणि कुणी विरोध केला नाही, एवढंच. ‘सविस्तर प्रकल्प अहवाल’ म्हणजे सल्लागार नेमला. ‘निविदा’ म्हणजे निदान पैशाचा अंदाज आहे. ‘कार्यादेश’ निघाला म्हणजे कंत्राटदार ठरला, पण साइटवर पाइल मारणारं यंत्र उभं राहीपर्यंत थांबा, कारण मधे जलवाहिन्या आणि केबल हलवायच्या असतात. ‘चाचणी यशस्वी’ ही बातमी आरडीएसओची की सुरक्षा आयुक्तांची, ते पाहा. दोन्हींत वर्षभराचंही अंतर पडू शकतं. या प्रत्येक पायरीवर बिल्डरच्या जाहिरातीत मात्र एकच वाक्य असतं, ‘मेट्रो स्टेशन ५ मिनिटांवर’. २०११ साली तळोज्यात त्या वाक्यावर घर बुक केलेल्याचं कर्ज निम्मं फिटेपर्यंत गाडी आली नव्हती. सिडकोच्या कार्यालयात चौकशी करायचीच, तर ‘काम कधी पूर्ण होणार’ विचारू नका, तारीख सगळेच देतात. मार्गाला लागणाऱ्या जागेपैकी किती हेक्टर अजून ताब्यात आलेली नाही, आणि ती कुठल्या गावातली आहे, ते विचारा.